मदत हवी आहे: गोंद टाकला की रुळांमधली खडी तरंगते

रूळवेडा:
मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर रूळ टाकून झाले, गाडी व्यवस्थित धावते. आता खडी पसरतोय आणि तिथेच अडलंय. ब्रशने छान सारखी करून घेतो, पण पाण्यात कालवलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडला की थेंब वरच फुगून बसतो, मग एकदम आत घुसतो आणि तिथे खड्डा पडतो. आजूबाजूची खडी वाहत जाऊन स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर चढते. लवकर सांगा, पुढचं गवत, झाडं सगळंच खोळंबलंय.

सांधेवाला:
स्केल कोणतं? गोंदात पाणी किती? खडी दगडाची की अक्रोडाच्या कवचाची? आणि आधी भिजवली होती का?

रूळवेडा:
एन, म्हणजे अगदी छोट्या मापाचं. गोंद निम्मा, पाणी निम्मं. खडी पाकिटातली, हाताला अगदी हलकी लागते. भिजवायची कशाला? गोंदात पाणी आहेच की.

सांधेवाला:
गोम तिथेच आहे. कोरड्या बारीक खडीत पृष्ठताणामुळे थेंब शिरत नाही. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका आणि बारीक फवारा लांबून, वरच्या दिशेने मारा, म्हणजे तुषार अलगद खाली पडतील. खडी पूर्ण ओली झाली की मगच गोंद. एक भाग गोंद, दोन-तीन भाग पाणी. ड्रॉपर स्लीपरच्या मधे टेकवा, गोंद आपोआप पसरतो.

घाटमाथा:
लिक्विडने फेस होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, झटकन झिरपतं. खरं कारण मात्र वेगळं आहे. हलकी खडी म्हणजे अक्रोडाची, ती तरंगणारच. सरळ दगडाची घ्या. फक्त आधी वरून लोहचुंबक फिरवा, लोहकण राहिले तर इंजिनाच्या मोटरमध्ये जातात.

सांधेवाला:
अक्रोडाचीही नीट बसते, माझा सगळा यार्ड तिच्यावर आहे. विकत घेतलेला माल त्यांना कशाला टाकायला लावता? आणि फेस होतो तो लिक्विड जास्त झालं की.

कागदी डोंगर:
टेकड्या थर्मोकोलच्या करणार असाल तर त्यावर स्प्रे पेंट चुकूनही मारू नका, सॉल्व्हंटने थर्मोकोल विरघळतो. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंगच लावा. बोगदा केलात तर मागून हात जाईल एवढी जागा ठेवा, डबा नेमका आतच घसरतो.

रूळवेडा:
टेकड्यांचं नंतर बघू हो. भिजवून एक वीतभर तुकडा केला, खडी जागची हलली नाही! पण सांधा, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर वळते ती जागा, अडकलाय. तिथलं सरकणारं पातं एका बाजूला चिकटून बसलंय.

जुना सिग्नल:
म्हणजे सांध्यावरही खडी टाकलीत? हे आधी सांगायचं. कोमट पाण्याने गोंद मऊ करा, टूथपिकने पात्याखालचे कण काढा. तिथे खडी स्लीपरच्या पातळीखाली हवी आणि पात्याजवळ गोंद अजिबात नको. मी तर पांढरा गोंद सोडूनच दिला. वाळल्यावर दगडासारखा होतो आणि गाडीचा आवाज थेट फळीत उतरतो. मॅट मीडियम, म्हणजे ॲक्रिलिक रंगात मिसळायचं बिनचमकीचं माध्यम, लवचिक राहतं.

घाटमाथा:
+१ मॅट मीडियमला. पण रूळ पुन्हा उचलायचे झाले तर पांढरा गोंदच बरा, पाण्याने सुटतो.

रूळवेडा:
पातं सुटलं, पण गाडी आता सांध्यावर आली की थांबते.

सांधेवाला:
बरोबर सांध्यावर की पुढच्या रुळावर? रुळातून चाकांना वीज मिळते, ती अडवणारा गोंदाचा पापुद्रा रुळाच्या माथ्यावर आहे का बघा, आणि पातं ज्या रुळाला टेकतं त्याची आतली बाजू अल्कोहोलने पुसा. इंजिन किती चाकांतून वीज घेतं?