अनुभव धागा : शाळा बंद होती तेव्हा घरातला फोन कोणाकडे होता?

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं. जूनपासून ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं म्हणत मोबाइलवर अभ्यास यायला लागला. कोणाचं सुरू राहिलं आणि कोणाचं नाही, ते लिहा. ‘पिढीचं नुकसान झालं’ हे सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या डोळ्यांसमोर काय घडलं ते सांगा. शाळेचं, माणसांचं नाव नको.

शिक्षक, बीड जिल्हा
आमच्याकडे निम्मं गाव ऊसतोडीला जातं. एरवी काही पोरं आजीपाशी राहतात. त्या वर्षी शाळाच नाही म्हटल्यावर दिवाळीच्या सुमारास तीही कोयत्याबरोबर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या आईबापाबरोबर, गेली. मी ग्रुपवर रोज स्वाध्याय टाकायचो. फोन बापाच्या खिशात आणि बाप फडात, त्यामुळे निळी टिक यायची रात्री, तीही रेंज असली तर. चौथीतल्या एका मुलीनं एकदा वहीचा फोटो पाठवला. भागाकार सगळे बरोबर. कडेला मोठ्या माणसाच्या अक्षरात गाडीचं टनेज आणि तारखा. घरात वही एकच होती, हिशेबाची.

विद्यार्थिनी, पुणे
आई चार घरची धुणीभांडी करायची, ती कामं बंद. फोन एक. भाऊ दहावीला म्हणून फोन त्याला, मी नववीला. २०२१ ला त्याची परीक्षाच रद्द झाली. पुढच्या वर्षी मी दहावीला, तरी फोन त्याच्याकडेच, कारण आता त्याची अकरावी! २०२२ ला अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता, पण पेपर वर्गात बसून लिहायचे होते. झाले पास. टक्के विचारू नका.

दृष्टिहीन विद्यार्थी, तेव्हा बी.ए.
सर हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो टाकायचे. माझा फोन वाचून दाखवायचा : ‘इमेज’.

शिक्षिका, पालघर जिल्हा
जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर शाळेच्या अभ्यासाचं ‘टिलीमिली’ लागायचं. कार्यक्रम चांगला होता, पण आमच्या पाड्यावर टीव्ही दोन घरांत. पोरं हमखास भेटायची ती पोषण आहाराचा कोरडा तांदूळ न्यायला आली की. मग त्याच दिवशी ओट्यावर बसवून जमेल तेवढं घ्यायचं. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेल्यांनी वर्ग पाहिला तो १ डिसेंबर २०२१ ला, दुसरी अर्धी संपल्यावर. पेन्सिल धरण्यापासून सुरुवात. आणि आम्हाला विचारणा काय, तर दुसरीच्या पुस्तकातले किती धडे झाले!