जिन्याखालची मशीन

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी १० वाजता कबाडीवाला येऊन राहिला. बी विंगच्या जिन्याखालचं सगळं सामान जाईल: दोन सायकली, जुना कूलर आणि व्हिडिओ गेमची ती उभी मशीन. ज्यांचं असेल त्यांनी शनिवारपर्यंत उचलावं.

बी-२०३: मशीन आमची आहे साहेब. बाबांचं इतवारीतलं व्हिडिओ गेम पार्लर बंद झालं तेव्हा त्यांनी ही एकच ठेवून घेतली होती. आता ते नाहीत, आणि घरात ती मावत नाही. नेऊ द्या.

सी-४०२: ताई, थांबा! मुस्तफावाली आहे का ती? तिघं खेळायची?

बी-२०३: हो, तीच.

सी-४०२: मग मी तिच्यावर खेळलोय. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा गेम. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण पिवळ्या टोपीवाल्या हिरोमुळे आपल्याकडे सगळे मुस्तफाच म्हणायचे. काका टोकन देताना "शाळा सुटली का आधी?" असं विचारायचे. सेक्रेटरी साहेब, ही भंगारात देऊ नका. हात जोडून सांगतो.

ए-२०५: पण ठेवून करायचं काय भाऊ? पोट्टे आधीच मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. अजून एक स्क्रीन काऊन पाहिजे?

बी-५०१: ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी जरा मोठं लिहितो, पण सगळ्यांनी वाचा.

२०१९ मध्ये मुलीकडे कॅलिफोर्नियाला होतो. जावई अलमीडा नावाच्या गावातल्या पिनबॉल म्युझियममध्ये घेऊन गेले. म्युझियम म्हटल्यावर मला वाटलं, काचेमागच्या वस्तू पाहायच्या. तिथे दारात एकदा तिकीट काढलं की दिवसभर खेळा, नाणं टाकायचंच नाही. माझ्याहून वयानं मोठ्या मशिनी, आणि चालू! माझ्याएवढे म्हातारे आणि सात-आठ वर्षांची लेकरं एकाच मशीनपाशी उभी.

पिनबॉलच्या मशीनला उजव्या हाताला स्प्रिंगची दांडी असते. ती ओढून सोडली की २७ मिलिमीटरचा पोलादी गोळा वर धावतो आणि उतारावरून खाली येऊ लागतो. खालच्या टोकाला दोन पट्ट्या, म्हणजे फ्लिपर. बाजूची बटणं दाबून त्यांनी गोळा परत वर मारायचा. गोळा मधूनच निसटायला लागला की मशीनला धक्का द्यायला हात शिवशिवतात. मी दिला, जरा जोरातच. 'टिल्ट' अशी अक्षरं पेटली, फ्लिपर लुळे पडले, आणि गोळा माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला. आत एका कड्याच्या मधोमध वजन लोंबत असतं. धक्क्यानं ते कड्याला टेकलं की सर्किट जुळतं आणि मशीन खेळ थांबवते. एवढी साधी युक्ती, पण मला फार आवडली.

फ्लिपर १९४७ मध्ये आले. त्याआधी गोळा सोडला की बाकी सगळं नशिबावर, म्हणून लोक याला जुगार म्हणायचे. न्यूयॉर्कमध्ये १९४२ पासून बंदी होती. महापौर ला गार्डिया यांनी स्वतः हातोडा घेऊन मशिनी फोडल्या होत्या. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुणानं तिथल्या नगर परिषदेच्या समितीसमोर मशीन मांडली, गोळा कोणत्या वाटेनं जाईल ते आधी सांगितलं आणि तिथूनच घालवून दाखवला. मग बंदी उठली.

जावई हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा मुलगा उभा राहिला. १९९४ च्या उन्हाळ्यात मी त्याला बर्डीवरच्या पार्लरमधून कान धरून बाहेर काढलं होतं. त्याच्या मागे दहा पोट्टे त्याचा खेळ पाहत उभे होते. तो काय करतो आहे, हे मी दोन मिनिटं थांबून पाहिलं नाही. त्याची मला आजही खंत आहे. बी-२०३ च्या ताई, तुमच्या वडिलांची मशीन दुरुस्त करू. पहिले २,००० रुपये माझे.

सी-४०२: काका, वाचून गलबलून आलं. ए-२०५ च्या ताई, मोबाइलवर पोरगं एकटं असते. इथे तिघं खांद्याला खांदा लावून आणि बाकीचे मागे. स्क्रीनखाली टोकन ठेवलं की पुढचा नंबर आपला, त्यावर भांडण नाही. बाहेर ४५ डिग्री, आत कूलरचा घरघराट, आणि अनोळखी पोट्टा ओरडून राहिला, "जंप मार, जंप मार!" माझे दोन जिवलग दोस्त तिथलेच आहेत.

ए-२०५: बरं. पण वेळ ठरवा. संध्याकाळी ६ ते ८, आणि परीक्षेत बंद. मग माझी हरकत नाही.

ए-३०४: मी वीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं काम केलं आहे, म्हणून आधीच सांगतो. मागचं झाकण कोणीही उघडू नका. आत पिक्चर ट्यूब आहे. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. आधी ती डिस्चार्ज करावी लागते, ते मी करतो. आणि चालते का पाहू म्हणून प्लगही लावू नका. इतकी वर्षं बंद आहे, पॉवर सप्लायचे कॅपेसिटर तपासल्याशिवाय करंट द्यायचा नाही.

सी-४०२: गेमचा सर्किट बोर्ड गेला असेल तर?

ए-३०४: त्याची काळजी नाही. असे बोर्ड बहुतेक ५६ पिनांच्या कनेक्टरवर बसतात, जामा म्हणतात त्याला. दुसरा बोर्ड त्याच वायरिंगवर चालतो. जॉयस्टिक आणि बटणांचे मायक्रोस्विच स्वस्त असतात. ट्यूब गेली असेल तर मात्र कठीण. एलसीडी बसवता येते, पण ते जुनं चित्र त्यावर येत नाही. ट्यूब वाचवायचा पूर्ण प्रयत्न करीन.

सेक्रेटरी (ए-१०१): ठरलं. रविवारी मशीन सोडून बाकीचं जाईल. क्लब रूममध्ये टीटीच्या टेबलामागे जागा आहे, तिथे प्लगचा बोर्डही आहे भिंतीला. उचलायला चार जण लागतील, ९ वाजता या. मशीन आडवी करायची नाही.

सी-४०२: मी येतो. धाकट्या भावालाही आणतो.

बी-२०३: मागच्या दाराला कुलूप आहे. आत्ताच बाबांचा किल्ल्यांचा जुडगा काढला. एका किल्लीवर त्यांनी पांढऱ्या ऑइल पेंटनं ३ लिहिलंय, आणि ही त्यांची तीन नंबरची मशीन. शनिवारी आईच्या हातून ए-३०४ ला पाठवते. तिला सांगितलं तेव्हापासून ती विचारून राहिली, किती वाजता म्हणून.