सासूला 'आई' म्हणायलाच हवं का?

कैरीचं पन्हं

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. याद्यांच्या दिवशी सगळं गोडीगुलाबीत पार पडलं. मानपानाचा विषय मुलाकडच्यांनी स्वतःहूनच निकालात काढला. निघताना चपला घालता घालता तिच्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "आता काकू नाही हं, आई म्हणायची सवय कर." बहीण हसली. घरी आल्यावर मात्र म्हणाली, "मला नाही जमायचं." कॉलेजपासून ती त्यांना काकू म्हणत आलीय. बाई तिला मनापासून आवडतात, अडचण बाईंची नाहीच. आमची आई म्हणते, एवढ्याशा शब्दावरून पहिल्याच दिवशी वाकडं कशाला?

माझं मत स्पष्ट आहे. आई ही हाक मागून घ्यायची गोष्ट नाही. आणि ही 'आपली रीत' आहे असं जे सांगतात ते तर मला मुळीच पटत नाही. माझी आजी सासूला आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. तिच्या जावाही तेच म्हणायच्या. त्या काळच्या सासवा कडक होत्या, पण 'मला आई म्हण' असा हट्ट त्यांनी धरल्याचं आजीच्या एकाही गोष्टीत नाही. म्हणजे आमच्या घरात तरी ही आई-बाबांची सक्ती अलीकडची, आणि मिरवायची मात्र परंपरा म्हणून.

अजून एक. होणारा जावई आमच्या आईला काकूच म्हणतो. त्याला निघताना कुणी काही सुचवलं नाही.

मतं सांगा. 'ज्याचा त्याचा प्रश्न' एवढं सोडून काहीही चालेल.

ठाणे_ते_दादर

एक शब्द आहे. म्हणून टाकायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. ऑफिसात ज्यांच्याबद्दल काडीचा आदर नसतो त्यांना दिवसभर 'सर, सर' करतोच की. तिथे कुणी अंतरात्म्याला विचारत नाही.

शिवाय काकू म्हणजे कोण? समोरच्या ब्लॉकमधल्या काकू, लोकलमध्ये चौथी सीट मागणाऱ्या काकू. मला स्वतःला मेथीची जुडी देताना भाजीवाला काकू म्हणतो. ज्या घरात जन्म काढायचा तिथल्या बाईला तोच शब्द वापरला तर तिला लागणारच. त्यांनी गोड बोलून सांगितलं, त्यात सक्ती कुठे आली?

कैरीचं पन्हं

सरांना मी घरी गेल्यावर सर म्हणत नाही, आणि माझे दुसरे कोणी खरे सर घरी बसलेले नसतात. इथे खरी आई आहे, हयात आहे, आणि फोनवर दोघींशी एकाच खोलीतून बोलायचंय.

दोन सुनांची सासू

माझं वय ६८. दुसरी बाजूही ऐका.

थोरली लग्नाच्या आधीपासून 'अहो आई' म्हणते. धाकटीला मी काहीच सांगितलं नाही. वाटलं, शिकलेली मुलगी आहे, तिचं ती ठरवेल. तिने ठरवलं ते असं की मला हाकच मारायची नाही. काही विचारायचं असेल तर गॅस बारीक करते, ओट्यापाशी हात पुसते, बाहेर येऊन माझ्या खुर्चीसमोर उभी राहते आणि मी पेपरातून मान वर करीपर्यंत थांबते. मग म्हणते, "भाजी कुठली करायची?" मी आतल्या खोलीत असले तर मुलाला पाठवते. फोनवर सुरुवात "हॅलो, मी बोलतेय" इथून. मुलगी गुणाची आहे, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रात्र रात्र बसली होती. पण तिच्या तोंडी मला नाव नाही.

मला आई नको, काकू म्हण, मावशी म्हण, काहीही म्हण. निदान घराला आग लागली तर मला हाक मारता यावी. तुमच्या बहिणीच्या सासूबाईंनी शब्द सुचवला हे एका अर्थी बरंच केलं. मी सुचवला नाही आणि 'ऐकलंत का' वर आले.

बेळगावचो_न्हवं_बेळगावचा

आजीच्या मामंजी-आत्याबाईंचा उगम साधा आहे. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. मुलीच्या बाजूने पाहिलं तर नवरा हा आत्याचा मुलगा. मग सासू आत्या, आणि आत्याचा नवरा म्हणून सासरे मामा. जावयाच्या बाजूने सासरे सख्खे मामा आणि सासू मामी. पुढे नात्याबाहेर लग्नं व्हायला लागली तरी हाका राहिल्या. आमच्याकडे कानडी घरांत आजही सासूला 'अत्ते' आणि सासऱ्याला 'मावा' म्हणतात, आत्या आणि मामाला तेच शब्द. इरावती कर्वे यांनी १९५३ साली नातेसंबंधांवर लिहिताना महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधला असल्याचं दाखवलंय ते यातूनच: मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अशी लग्नं निषिद्ध नात्यांत येतात, पण रूढी असेल तर सूट आहे.

तेव्हा 'आई म्हणणं ही परंपरा' हे अर्धवटच. सासूला सासूच्या जागी ठेवणारी, तरीही घरातली वाटणारी हाक आपल्याकडे होती. ती गावंढळ वाटायला लागली म्हणून आपण टाकून दिली.

मडगांवकार

गोव्यात सासू मांय आणि सासरा मांव. कुणाला कोडं पडत नाही.

खडूस वाचक

थांबा जरा. मामंजी-आत्याबाईंचं एवढं गोडवं गाऊ नका. माझी आजी सासऱ्यांना मामंजी म्हणायची हे खरं, पण कुणाला सांगताना. तोंडावर कधीच नाही, कारण त्यांच्याशी ती थेट बोलायचीच नाही. पानं मांडून झाली की माझ्या लहानग्या काकाला पाठवायची, "आजोबांना सांग, पानं घेतलीयत." पोर झोपलेलं असेल तर दाराची कडी वाजवायची. हाक सुंदर होती, मारायची परवानगी नव्हती. आज एखादी मुलगी सासऱ्यांना 'बाबा, माझी गाडी पुसाल का' म्हणते आणि ते पुसतात, तेव्हा मला तो बाबा शब्द फार आवडतो. भले उसना असेल.

आणि शब्द जुना की नवा यावर तो बरा की वाईट ठरत नाही. परंपरेचा दाखला सासूने दिला तर चूक आणि पन्ह्याने दिला तर बरोबर, असं कसं?

कैरीचं पन्हं

मी परंपरा पाळा म्हणत नाहीये. परंपरेच्या नावाने जे खपवलं जातंय ते तसं नाही, एवढंच म्हणतेय. कडीचा मुद्दा मान्य. आमच्या आजीचंही फार वेगळं नसणार.

कऱ्हाडची मोठी जाऊ

तुम्ही सगळे धरून चाललाय की घरातली पोरं आईला आईच म्हणतात. आमच्या सासूबाईंना त्यांचे सख्खे तीन मुलगे 'वहिनी' म्हणतात! एकत्र कुटुंब, धाकटे दीर दिवसभर वहिनी वहिनी करायचे, पोरांनी तेच उचललं. सासऱ्यांना सगळं घर 'अण्णा'. मी लग्न होऊन आले, दुसऱ्या दिवसापासून वहिनी आणि अण्णा म्हणायला लागले. गड्यांपासून नातवंडांपर्यंत सगळे तेच म्हणतात. कुणाची आई झाले नाही, कुणाची लेक झाले नाही, सरळ घरातली झाले.

माई, अक्का, जीजी, काकी, नाना, तात्या, आबा, दादा. जुन्या घरांत आईवडिलांना हाका या अशाच असायच्या. बहिणीला म्हणावं, घरात त्यांना बाकीचे काय म्हणतात ते बघ. भाचरं, पुतणे, शेजारचे. त्यातली एखादी उचल.

ठाणे_ते_दादर

हे छान आहे, पण टू बीएचकेमध्ये तीन माणसं असतात. भाचरं-पुतणे दिवाळीला व्हिडिओ कॉलवर. तिथे एकच हाक चालू असते आणि ती आई.

जावईबापू (वाण थकीत)

पुरुषांची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून. मी सासूबाईंना काहीच म्हणत नाही. सासऱ्यांना 'ते' म्हणतो. बायको शेजारी असली की तिच्याकडे बघून बोलतो, "यांना विचार, चहा घेणार का." यावर आजतागायत कुणीही, एकदाही, मला एका शब्दाने बोललेलं नाही. उलट अधिक महिन्यात तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन आणि 'आमचे जावई मितभाषी' असं प्रमाणपत्र मिळालं. धाकटीने केलं तर ती अबोल आणि तुटक. मी केलं तर मितभाषी.

दोन सुनांची सासू

जावईबापू, तुमच्या सासूबाईंनाही लागत असेल. त्या बोलत नाहीत, कारण तुम्ही जावई आहात.

जावईबापू (वाण थकीत)

खरंय. पण आता अचानक आई म्हटलं तर त्या घाबरतील.

तुळशीबाग

मला वाद घालायचा नाही. माझी आई मी आठवीत असताना गेली. घरात बाबा आणि मोठा भाऊ. लग्न झाल्यावर सासूबाईंना आई म्हणायला मिळालं याचा मला आनंद झाला होता. उगाच, काम नसताना हाक मारायचे. भांडणं आमचीही होतात, जबरदस्त होतात, पण त्यातही आईच म्हणते. इथे सगळे जण 'सक्ती', 'उसना शब्द' म्हणतायत. सगळ्यांच्या बाबतीत तसं नसतं, एवढंच नोंदवते.

कैरीचं पन्हं

तुमचं वाचून बरं वाटलं. पण तुम्ही आपणहून म्हणालात. कुणी चपला घालताना आठवण करून दिली नाही. माझा सगळा मुद्दा तेवढाच आहे.

म्युनिकची माहेरवाशीण

नवरा जर्मन आहे. इथे मोठ्या माणसाने 'आता मला तू म्हण' असं सांगायची रीत आहे. आपण होऊन धाकट्याने अरेतुरेवर यायचं नाही. आमच्या साखरपुड्यानंतर सासूबाईंनी वाईनचा ग्लास वर करून तू म्हणायला सांगितलं आणि स्वतःचं पहिलं नाव दिलं. सत्तरीच्या बाईला नावाने हाक मारायची या कल्पनेनेच माझी जीभ टाळूला चिकटली. मराठीतून आलेल्या माणसाला आई म्हणायला लावणं परवडलं, नावाने हाक मारणं नाही! आता मारते. पण पुण्याहून आई इथे आली आणि तिने ते ऐकलं, तेव्हा तिच्या कपाळाला जी आठी पडली ती परतीच्या विमानापर्यंत होती.

माझा नवरा मात्र माझ्या आईला बिनदिक्कत 'आई' म्हणतो. त्याला ते तिचं नाव वाटतं.

खडूस वाचक

म्हणजे तिथेही मोठ्यांनीच सांगायचं आणि धाकट्यांनी ऐकायचं. फक्त ग्लास हातात घेऊन.

एक कुणीच बोललं नाही ते मी बोलतो. 'अहो आई' या दोन शब्दांतच सगळं उघड होतं. आईला आपण 'अगं' म्हणतो. जिला 'अहो' म्हणावं लागतं तिला आई म्हणा, माता म्हणा, ती सासूच आहे हे खालचा मजलाही ओळखतो. खरोखर आईच व्हायचं असेल तर सुनेने 'ए आई, मला कंटाळा आलाय, तूच कर आज पोळ्या' असं म्हणावं. हे ऐकायची तयारी किती सासवांची आहे?

दोन सुनांची सासू

माझी आहे. पोळ्या तशाही मीच करते.

ठाणे_ते_दादर

'अहो'मध्ये वाईट काय आहे? माझे बाबा त्यांच्या सख्ख्या वडिलांना अहो-जाहो करायचे. म्हणून ते परके होते का? कुणालाही अगंतुगं केल्याने जवळीक येते हे आताच्या मालिकांनी डोक्यात भरवलंय. लेक आणि सून यांच्यात थोडा फरक राहू दे. तो 'अहो'त राहतो, मग 'आई' म्हणायला हरकत का असावी? दोन्ही गोष्टी एकाच हाकेत बसल्यात.

कैरीचं पन्हं

ठाणे, या धाग्यातला हा तुमचा पहिला मुद्दा ज्यावर मला लगेच उत्तर सुचत नाहीये. तरी बहिणीच्या वतीने सांगते: तिला फरक ठेवायचा असेल तर तो तिच्या शब्दात ठेवू दे ना. काकू म्हटल्याने तिने कमी केलं काय?

कऱ्हाडची मोठी जाऊ

पोर झालं की सगळं मिटतं. मग सासूची आजी होते, आईचीही आजी होते. आमच्या शेजारची सून 'आजी, ताक घ्या' म्हणते, सासू पन्नाशीची. ती बिचारी आजी या हाकेवर रुसते.

कैरीचं पन्हं

काल बहिणीने सासूबाईंना फोन केला. काकू म्हणाली, मग 'सॉरी, आई' म्हणाली, मग पुन्हा काकू. त्या म्हणाल्या, लग्नापर्यंत मुदत देते. मग बहिणीने विचारलं, "तुमचा मुलगा माझ्या आईला काय म्हणणार आहे?" त्यावर म्हणे त्या बराच वेळ हसत होत्या, आणि म्हणाल्या, "त्याला विचारून सांगते."

अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की इथे लिहिते.

ठाणे_ते_दादर

मुदत दिली म्हणजे हुकूम कायम आहे. हॉलची अनामत भरली असेल तर बहिणीला आतापासूनच सराव करू दे.