जुने पडदे, ऑफिसचे ब्लाइंड्स, बांबूची चीक : टाकवत नाही, काय करू?

टिळकवाडीची सून :
नमस्कार मंडळी. आमचं कौलारू घर दुरुस्तीला काढलंय आणि माळ्यावरून पडद्यांची तीन गाठोडी खाली आली. पहिल्यात सासूबाईंनी शिवलेले सुती पडदे आहेत. इथल्याच, बेळगावातल्या वडगावच्या मागावरच्या दोन साड्या विरल्यावर त्यांनी त्या कापून खिडक्यांना लावल्या होत्या. काठ अजून लख्ख आहे, पण मधलं कापड बोट लावलं की फाटतं. दुसऱ्यात हॉलचे जाड पॉलिस्टरचे सहा पडदे, सात फुटी, आयलेटवाले, म्हणजे वर दांडी ओवायच्या कड्या असलेले. त्यातल्या दोघांना मागून उजेड अडवणारा पांढरा ब्लॅकआउटचा थर आहे आणि त्याचे पापुद्रे निघतायत. तिसऱ्यात यजमानांनी ऑफिस बंद केलं तेव्हा काढून आणलेले उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स, शिवाय एक आडव्या अल्युमिनियमच्या पात्यांचा. व्हरांड्यातली बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा पडदा, वेगळीच.

गवंडीकाम करणारे म्हणाले, "अक्का, बंबात घाला, पाणी तरी तापेल." मला ते पटलं नाही. सासूबाई गेल्याला चार वर्षं झाली, त्यांच्या हातची शिवण मी जाळणार नाही. पण नुसतं ट्रंकेत ठेवून कसर लागू द्यायची, तेही नको. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा की.

शहापूरचा शिंपीकाका :
ताई, बंबात घालायचं नाही हे बरोबरच केलंत. पॉलिस्टर आणि तो थर जळताना निघणारा धूर घरात शिरतो, आणि वितळलेला गोळा बंबाच्या नळीला चिकटतो तो निघत नाही.

आधी कापड ओळखा. शिवणीच्या आतला धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मग ताकद बघा, दोन्ही हातांनी ओढून. उन्हाकडची बाजू आधी जाते, घडीतली आणि वरच्या दुमडीतली शाबूत असते. त्यामुळे अख्खा पडदा बाद म्हणू नका, चांगला पट्टा उसवून घ्या.

सात फुटी पडदा चार फूट रुंद असतो. आयलेटची पट्टी कापून टाकलीत की १६ इंच रुंद आणि ३६ इंच लांब असे सहा तुकडे निघतात. पाचांच्या पाच पिशव्या, सहाव्याचे बंद. कर्नाटकात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, तरी बाजारात अजून हातात पातळ पिशवी देतात. तुमची जाड पिशवी बटाटे-कांद्याला वर्षानुवर्षं जाईल. बंद जोडताना चौकोनात फुली मारून शिवा. तिथेच पिशवी फाटते.

ब्लॅकआउटवाले मशीनमध्ये धुऊ नका, थर सुटून सगळ्या कपड्यांना लागतो. त्यांचे स्कूटरचे, शिलाई मशीनचे झाकण करा. चुलीजवळ, गरम भांडं धरायला मात्र पॉलिस्टर अजिबात नको. त्याला सुतीच.

टिळकवाडीची सून :
काका, धागा जाळून बघितला. हॉलच्या सहाही पडद्यांचा मणीच झाला. उभ्या पट्ट्यांचं काय करू? कडक आहेत, शिवायला सुई जाते, पण पिशवी होईना.

शहापूरचा शिंपीकाका :
पिशवीच्या तळाला घाला की, बकरमचं, म्हणजे आतल्या कडक अस्तराचं, काम करतात. खालचे वजनाचे तुकडे आणि मण्यांची साखळी आधी काढा. ती साखळी आणि दोऱ्यांची वळी लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका, गळ्यात अडकते. उरलेल्या पट्ट्या खाटेच्या नवारीसारख्या आडव्या-उभ्या विणून, कडा शिवून पायपुसणं होतं. वरचा अल्युमिनियमचा चॅनेल मात्र मोडीत घाला. लोखंडाचे भाग वेगळे काढलेत तर भाव चांगला देतात.

निपाणीहून :
आडव्या पात्यांसाठी माझं एक. सहा-सहा इंचाचे तुकडे कापून कोपरे कानशीने गोल करा, नाहीतर बोट कापतं. त्यावर साध्या शिशाच्या पेन्सिलीने रोपाचं नाव लिहा. मार्करचं उन्हात जातं, पेन्सिलीचं टिकतं. चीक वालाच्या वेलाला उभी करा. फक्त तिला रंग किंवा व्हार्निश असेल तर तिच्यावर सांडगे-पापड वाळवू नका.

खानापूरची माहेरवाशीण :
वहिनी, सासूबाईंचे पडदे कुणालाही पिशवीसाठी देऊ नका. वाकळ करा, गोधडी. विरलेलं कापड वाकळीत मधल्या थरात चालतं, वरून ओढ लागतच नाही त्याला. आमच्या आईकडे आजीची वाकळ आहे, आत काय काय आहे ते तिलाच ठाऊक होतं. काठ मात्र उसवून वर चारी बाजूंनी लावा, तोच दिसला पाहिजे.

पॉलिस्टर मधे भरू नका. आमच्याकडे पावसात लवकर वाळतं म्हणून मोह होतो, पण अंगाला घाम येतो आणि लेकरं रात्री लाथाडून देतात. थर सगळे सुती हवेत.

हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, ती बघितली आहे का? त्या कडेपासून धावदोरा घालत फिरत फिरत मधे येतात, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेले कापडाचे तुकडे लावतात. त्यांना फूल म्हणतात. फुलाशिवाय ती पुरी झाली असं त्या धरत नाहीत. मी माझ्या वाकळीला तशीच फुलं लावली, मुलीला फार आवडली.

आणि माळ्यावर किती दिवस होते ते पडदे? आधी दोन दिवस कडक उन्हात घाला, मग कोमट पाण्यात हाताने धुवा. पिळू नका, विरलेलं कापड पिळलं की संपलं.

टिळकवाडीची सून :
वहिनी, काकांनो, सगळ्यांचे आभार. आठवडाभरात झालं ते सांगते. हॉलच्या बिनथराच्या चार पडद्यांच्या वीस पिशव्या झाल्या, तळाला ब्लाइंडच्या पट्ट्या. काल त्यातलीच एक घेऊन रविवार पेठेत गेले, पाच किलो गूळ आणि नारळ आणले, बंद जागचे हलले नाहीत. ब्लॅकआउटचा एक पडदा गाडीवर आहे, दुसरा अजून पडून आहे. चॅनेल मोडीत गेला. चीक परसात वालाला लावली.

सासूबाईंचे पडदे उन्हात घातले आणि धुतले. उसवताना काठाच्या आत त्यांची हातशिवण सापडली, बारीक, एकसारखी, मशीन लाजेल अशी. ती दोन वीत तशीच ठेवली आहे, वाकळीच्या उशाकडे लावणार. वरचा थर मांडून झाला. मधल्या थराला अजून दोन सुती लुगडी कमी पडतायत, नणंदेकडे अनगोळला निरोप धाडलाय. मिरगाच्या आत धावदोरा संपवायचा आहे.