शेजारचा मजला वाढतोय, तक्रार कुठं करायची?

वडगावकर: बेळगावात शहापूर भागात आमचं जुनं मातीच्या भिंतीचं घर हाय, शेजाऱ्यानं एकदम खेटून पाया खणलाय, दोन मजल्याची परवानगी म्हणे आणि तिसऱ्याचे कॉलम उभे राहिलेत, आमच्या भिंतीला चीर गेलीय अन् पावसाळा तोंडावर हाय. महानगरपालिकेच्या ऑफिसात दोनदा तोंडी सांगून आलो, कुणी फिरकलं नाही. बघायला कोण येतं नेमकं?

सिव्हिलवाला: तोंडी सांगून काही होत नाही बघा, लेखी द्या, कन्नडमध्ये लिहून घ्या म्हणजे फाईल अडत नाही, आणि पोच घ्याच. महानगरपालिकेत नगररचना विभागाचे इंजिनिअर जागेवर येऊन मंजूर नकाशाशी बांधकाम ताडून बघतात, सेटबॅक म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा किती सोडलीय, मजले किती. कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६, कलम ३२१ खाली आयुक्त काम थांबवायची, पाडायची नोटीस काढू शकतात. चिरेचे तारखेसकट फोटो आजच काढून ठेवा.

अनगोळची ताई: दादा, आधी त्या खोलीत झोपू नका, म्हातारी माणसं असतील तर दुसरीकडं हलवा. मातीची भिंत भिजली की सांगून पडत नाही.

सिव्हिलवाला: ताई बरोबर बोलल्या. आणि शेजाऱ्यालाही शांतपणे सांगा, डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (बांधकाम मंजुरीप्रमाणे झालंय, वापरायला हरकत नाही असा दाखला) लाईट-पाण्याचं कायम कनेक्शन द्यायचं नाही, बँकेचं कर्जही त्यावरच, म्हणजे नुकसान त्याचंच जास्त.

वडगावकर: आईला आजच मावशीकडं पाठवतो. उद्या अर्ज.