मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपसाठी हलका, मोफत पीडीएफ रीडर

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात विंडोज १० चा जुना डेस्कटॉप आहे, रॅम जेमतेम ४ जीबी. त्यावर लोक मुख्यतः स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक वाचतात. सध्याच्या रीडरमध्ये मोठी फाइल उघडली की पान पांढरंच राहतं, अक्षरं उमटेपर्यंत माऊसही अडकतो. वाचायला आलेले आजोबा कंटाळून उठून जातात, याचं फार वाईट वाटतं.

सुमात्रा पीडीएफ टाकून पाहिला. मोफत, मुक्तस्रोत, इन्स्टॉल न करताही चालतो, ईपब (ई-पुस्तकांच्या) आणि देजाव्हू (DjVu, स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या) फाइलीही उघडतो. वेग झकास! पण डिजिटल सही असलेला सातबारा उघडला तर सही खरी की नाही हे त्यात तपासता येत नाही आणि गावातल्यांना तेही लागतं.

ओक्युलर या दुसऱ्या पीडीएफ रीडरमध्ये सही तपासायची सोय आहे. एवढ्या रॅमवर तो विंडोजमध्ये कुणी रोज वापरतंय का? मोठ्या स्कॅन फाइलींना अडखळतो का? शिवाय मराठी शब्द शोधताना जोडाक्षरं नीट सापडतात का, हेही सांगा. जाहिराती दाखवणारे रीडर नकोत. स्वतः वापरलेलंच सुचवा, प्लीज.