फिटर काका निवृत्त होतायत, त्यांच्या कानातलं ज्ञान कसं काढून घ्यायचं?

पंपहाऊस_सुपरवायझर: आमचे सीनियर फिटर चार महिन्यांत निवृत्त होतायत. बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि सांगतात, "आठवडा काढेल" किंवा "आत्ता थांबव." चुकलेले मी दोनदाच पाहिलेत. ऑफिसने 'नॉलेज ट्रान्स्फर'चा फॉर्म दिला. काकांनी लिहिलं, "ग्रीस वेळेवर भरावे. आवाजाकडे लक्ष द्यावे." झालं! व्हिडिओ काढायला गेलो तर कॅमेऱ्यापुढे मॅन्युअल म्हणून दाखवतात. लपवत नाहीत हो, सांगताच येत नाही त्यांना.

जुना_मेंटेनन्सवाला: "तुम्हाला काय काय येतं" असं विचारूच नका. एकच बिघाड धरा. त्या रात्री आधी काय खटकलं? नवखा असता तर कुठे फसला असता? काय दिसलं असतं तर पंप चालू ठेवला असता? असंच खोदताना मला कळलं की आमचे उस्ताद आवाज ऐकण्याआधी कपलिंगखाली, म्हणजे मोटर आणि पंप जोडणाऱ्या सांध्याखाली, रबराची भुकटी पडलीय का ते बघायचे. दोघांची अलाइनमेंट, म्हणजे सरळ रेष, बिघडली की ती पडते. अठरा वर्षं शेजारी उभा होतो मी! त्यांना ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती.

लॅबवाली: फॉर्मकडून ही अपेक्षाच चूक. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने टीईए लेसर (एक प्रकारचा गॅस लेसर) बनवू पाहणाऱ्या ब्रिटिश प्रयोगशाळांचा अभ्यास 1974 साली छापला. नुसते लेख वाचून एकाही प्रयोगशाळेला तो लेसर जमला नव्हता. ज्यांना जमला, त्यांची आधी बनवलेल्यांशी ओळख-बोलणं होतं. काकांसोबत एक मुलगा द्या. पण अंदाज आधी मुलाने बोलायचा, काकांनी नंतर. उलटं केलंत तर तो नुसती मान डोलवेल.

टिपणवही: आणि जे लिहाल त्याखाली काकांचं नाव टाका. झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी 'युरेका' नावाचा टिपांचा सामायिक संग्रह होता. त्यात दुरुस्तीची टीप तंत्रज्ञाच्या नावानिशी यायची आणि त्याचेच सहकारी ती तपासायचे. नाव असलं की माणूस मनापासून सांगतो.

पंपहाऊस_सुपरवायझर: तीन आठवडे झाले, मुलगा दिलाय. काल तो ऐकून म्हणाला, "बेअरिंग गेलं." काका हसले. "आत खडे घोळतायत असं वाटतंय ना? मग बेअरिंग नाही, कॅव्हिटेशन. पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतायत. आधी सक्शनची जाळी बघ." जाळी चोंदलेली निघाली. आता फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना शोधतोय, सापडत नाहीये.